घोडं अडतंय कुठं? मोरीपाशी रोज वळणाऱ्या घोडीची गोष्ट आणि उपाय

गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. घोडा वस्तीवर शहाण्यासारखा वागतो, अंगणात गोल फिरतो, मुलांना पाठीवर घेतो. बाहेर काढला की मात्र अर्ध्या किलोमीटरवर उभा राहतो, टाच मारली तर मागं सरतो आणि गर्रकन वळून घराकडे दुडकीनं सुटतो. रोज तेच, तेही ठरलेल्या जागी. हळूहळू स्वारच बाहेर जाणं टाळू लागतो. घोडा दावणीला उभा, चंदीचा, म्हणजे दाण्याचा, आणि कडब्याचा खर्च चालू, आणि ज्या आनंदासाठी एवढं सगळं केलं तो कुठंच नाही.

माझ्या घोडीनं मला जवळजवळ आठ महिने हेच दाखवलं, म्हणून सविस्तर लिहिते.

तिचं नाव तापी. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथून आणली म्हणून तापी. कुमैत, म्हणजे तांबूस-काळसर रंगाची, मारवाडी वळणाची, डोळ्यांनी फार बोलकी. आमची वस्ती बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर, म्हणजे फाट्यावर. वस्तीवरून कच्चा रस्ता चारीच्या कडेनं जातो, सहाशे पावलांवर सिमेंटची मोरी, म्हणजे पाण्यावरचा छोटा पूल, लागते आणि पुढं माळ सुरू होतो. त्या माळावर घोडदौड करायची म्हणून मी एकेचाळिसाव्या वर्षी घोडी घेतली होती. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात ती मोरीपाशी थांबू लागली आणि तिसऱ्या महिन्यात मोरीच्या चाळीस पावलं अलीकडूनच वळू लागली. जागा पुढं न सरकता घराच्या दिशेनं सरकत होती. तुमच्याकडेही तसंच होत असेल, तर तुमचंही प्रकरण हेच आहे असं समजा.

आधी दुखणं शोधा, मग खोड

ही पायरी गाळू नका. मी गाळली आणि दोन महिने वाया घालवले, घोडीला विनाकारण त्रास झाला तो वेगळाच.

खोगीर काढल्यावर लगेच पाठ बघा. चांगला घाम आलेला असताना खोगिराखाली मधेच एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तिथं दाब पडतोय. सगळीकडे घाम आणि तेवढ्याच जागी कोरडं, हे शुभलक्षण नाही. जुना दाब असेल तर त्या जागी पांढरे केस उगवलेले दिसतात. खोगिराची पुढची कमान आणि घोड्याच्या खांद्यावरचा उंचवटा यांच्यात तुम्ही वर बसलेले असतानाही दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. तापीच्या डाव्या खांद्यामागं लिंबाएवढा कोरडा ठिपका होता. मी तो कितीदा तरी बघितला होता, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. तिच्या बाजूनं विचार करा: सहाशे पावलांवर खांदा चेपायला लागायचा आणि वळल्यावर थोड्याच वेळात खोगीर उतरायचं. तिचं गणित चुकत नव्हतं.

मग दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चघळताना झिजतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात. लगाम ओढला की गाल त्या धारेवर घासतो. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दात बघून घ्या. घोडा चारा खाताना तोंडातून गोळे टाकत असेल, तर वर्षाची वाट बघू नका.

नालबंदी सहा ते आठ आठवड्यांच्या पुढं ढकलू नका. माळावर मुरूम असेल तर वाढलेल्या खुरानं चालणं त्रासाचं होतं.

पोटाकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, चारा असो वा नसो. रात्रभर दावण रिकामी आणि सकाळी उपाशीपोटी खोगीर, असं रोज चाललं तर जठरात व्रण होऊ शकतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळताना कान मागं पाडणं, चावायला येणं, पोटाकडे वळून बघणं या खुणा दिसल्या तर तिला 'नाटकी' म्हणू नका, डॉक्टरांना बोलवा. मी आता खोगीर घालायच्या आधी तिच्यापुढं दोन पेंढ्या वाळलं गवत टाकते. ती खाते तोवर माझा खरारा होतो.

खोगीर बदललं, दात घासून घेतले आणि तापीचं अडणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं मी तिला शिकवलेलं होतं.

इथंच घोडं पेंड खातं

शेजारच्या वस्तीवर एक तात्या आहेत, उभा जन्म घोड्यांच्या पागेत गेलेला. एकदा ते बांधावर उभे राहून माझी आणि तापीची झटापट बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, घोडी अडत नाही, घोडी हिशोब करती. तुम्ही तिला पगार कुठं देताय ते बघा."

मी घरी येऊन मांडून बघितलं. मोरीपाशी काय होतं? टाच, ओढाताण, माझा चढलेला आवाज. वळल्यावर? टाच बंद. वस्तीवर आल्यावर खोगीर खाली, पाठीवर पाणी, समोर चंदीची पाटी, शेजारी तिची लाडकी गाय. म्हणजे त्रास बाहेर आणि सुख दारात. मी रोज न चुकता तिला वळण्याचा मोबदला देत होते.

घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. तुम्ही टाच लावली आणि त्याचं पाऊल पुढं पडताच टाच काढली, तर तो पुढं जायला शिकतो. टाच लावली, तो वळला आणि 'जाऊ दे आज' म्हणून तुम्ही पाय ढिला सोडलात, तर तो वळायला शिकतो. मनात काय होतं ते त्याला कळत नाही. सुटका कुठं झाली, एवढंच कळतं. आणि मराठीत अडेलतट्टू हा शब्द आपण फार सहज वापरतो, पण एखाद्या तट्टाला अडेल व्हायला बहुधा एक माणूस लागतो.

मी काय बदललं

पहिले दहा दिवस मी तिच्यावर बसलेच नाही. मोरकी, तीन-चार मीटरचा दोर आणि पायी. हे अनेकांना पटत नाही. घोडा घेऊन पायी काय फिरायचं, असं लोक विचारतात. पण पायी चालताना तुम्हाला घोड्याचा चेहरा दिसतो, पाठीवर बसून तो दिसत नाही. तापीचं अडणं मोरीपाशी सुरू होत नव्हतं हे मला त्या दहा दिवसांत समजलं. त्याच्या कितीतरी आधी, एका विजेच्या खांबापाशी, तिचा उजवा कान माझ्याकडून सुटून पुढं रोखला जायचा. चार पावलांनी मान वर. मग पाऊल आखूड. मग नाकपुड्या मोठ्या. आणि मग थांबणं. मी आजवर फक्त शेवटची पायरी बघत होते.

म्हणून नियम केला: कान रोखला की मीच थांबायचं. दोर ढिला. काही मागायचं नाही. तिनं एक दीर्घ श्वास सोडला, मान खाली घेतली, तोंड चाळवलं, की एक-दोन पावलं पुढं आणि मग परत फिरायचं. तिनं वळायच्या आत मी वळायचं. रोज तो खांब थोडा मागं पडत गेला.

सहाव्या दिवशी आम्ही मोरीवर पोचलो. कालव्याला आवर्तन सुरू होतं आणि मोरीखालून पाणी घुमत होतं. तिनं पुढचा डावा खूर सिमेंटवर ठेवला, पोकळ 'ठप्प' असा आवाज आला, आणि तिनं खूर उचलून पुन्हा मुरुमावर ठेवला. मी तशीच उभी. तिनं नाक जमिनीला टेकवलं, फुरफुरली, सिमेंट हुंगलं, ओठानं चाचपलं. पुन्हा खूर ठेवला. पुन्हा 'ठप्प'. या वेळी तो तिथंच राहिला. माझ्या खिशात मूठभर भिजवलेले हरभरे होते, ते मी तिला मोरीवर उभी असताना दिले.

घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण अगदी कपाळासमोर आणि अगदी शेपटीमागं त्याला दिसत नाही. नाकाखालची जागा बघायला त्याला मान हलवावी लागते. आपण लगाम आवळून मान वर बांधून ठेवतो आणि 'बघ काही नाही तिथं' म्हणतो. त्याला बघू तर द्या.

दहा दिवसांनी खोगीर चढलं. आता पगाराची जागा बदलली. मोरीच्या पलीकडे दीडशे पावलांवर एक बाभळ आहे. तिथं पोचलं की मी उतरायची, तंग एक भोक सैल करायची, पाच-सात मिनिटं ती चरायची आणि मूठभर हरभरे तिथंच मिळायचे. वस्तीवर परतलं की मात्र चंदी नाही. आधी अंगणात दहा मिनिटं काम: गोल, आठाचा आकडा, थांब, मागं चार पावलं. मग खोगीर खाली, आणि चंदी तासाभरानं. हे घोड्याच्या प्रकृतीलाही बरं, तापल्या अंगावर दाणा घालू नये. दोन-अडीच आठवड्यांत तापी बाभळीकडे जाताना लांब पावलं टाकू लागली.

वर बसलेले असताना घोडा थांबलाच तर

टाचांचा मारा करू नका. एकदा पायानं सांगा, थांबा, मग थोडं ठाम सांगा. एक पाऊल पुढं पडलं तरी पाय लगेच ढिला आणि मानेवर हात.

पाय जमिनीत रुतल्यासारखा उभा राहिला, तर सरळ ढकलण्यात अर्थ नाही. एक लगाम हळूच बाजूला घ्या आणि त्याच बाजूच्या पायानं त्याचं मागचं अंग दोन पावलं सरकवा. हललेला घोडा पुढं पाठवणं सोपं. घोडा वळलाच तर त्याला पूर्ण चक्कर मारू देऊ नका. तो डावीकडून वळला असेल तर उजवीकडूनच परत आणा, जसा गेला तसाच उलगडून. नाहीतर त्याला डावीकडचं वळण आणखी पक्कं होतं. हे सगळं मोकळ्या जागी. कालव्याच्या भरावावर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला कधीच नाही. तिथं अडला तर उतरा.

उतरलं की घोडा जिंकतो, असं मलाही शिकवलं गेलं होतं. मला ते पटत नाही. उतरा, दोर धरून दहा पावलं पुढं चाला, थांबा, शांत उभे राहा, मग परत फिरा. घोड्याच्या लक्षात राहतं की पुढं गेलो आणि बरं झालं. बसून घाबरत घरी ओढत नेला जाण्यापेक्षा हे शंभर पट चांगलं.

मागच्या दोन पायांवर उभा राहणारा घोडा मात्र या लेखाच्या बाहेरचा. तिथं जाणत्या माणसाला समोर बोलवा आणि तोवर पायीच फिरवा.

स्वाराचं काय?

माझी मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, तेव्हा कच्ची नव्हती, मन कच्चं झालं होतं. खांब आला की माझे गुडघे आपोआप आवळायचे, श्वास अडकायचा, मुठी वर यायच्या. म्हणजे तिला मी पाठीवरून सांगत होते की पुढं काहीतरी भयंकर आहे. तिचा कान रोखायच्या आधी माझाच श्वास थांबत होता का, याचं उत्तर मी अजून छातीठोक देऊ शकत नाही.

दोन गोष्टींनी मला खूप आधार दिला. एक, मोठ्यानं ओवी म्हणणं. जात्यावरच्या ओव्या मला आजीकडून येतात. गाताना श्वास अडकून राहूच शकत नाही, आणि घोडीचे दोन्ही कान मागं माझ्याकडे वळतात. दुसरी, नजर. तिच्या कानांकडे न बघता मी बाभळीच्या शेंड्याकडे बघते. शिवाय घोडीच्या मानेभोवती एक साधा चामडी पट्टा बांधलाय. बुजली तर लगामाऐवजी तो धरायचा, म्हणजे आपल्या भीतीचा झटका तिच्या तोंडात जात नाही.

हेल्मेट रोज, अंगणातसुद्धा. टाचेचे बूट, म्हणजे रिकिबीतून पाय आरपार जात नाही. फोन खोगिराच्या पिशवीत ठेवायचा नाही, अंगावर ठेवायचा. घोडी एकटी घरी गेली तर फोन तुमच्याकडे हवा.

आणि अंतर मोजायचं सोडून द्या. मी वहीत रोज एकच ओळ लिहिते: 'आज शांतपणे कुठवर?' एखाद्या दिवशी 'खांबापर्यंत' असतं आणि तरी तो दिवस चांगला असतो. मराठी फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा आणि शिलेदार स्वतःच्या. आपण शिलेदार आहोत. आपल्याला उद्याही याच घोड्यावर बसायचंय.

तुमचं घोडं वरातीतलं असेल तर

हे वेगळं सांगायला हवं, कारण बाजारातून आणलेल्या बऱ्याच घोड्यांना नाचकाम शिकवलेलं असतं. लगाम वर धरला आणि टाच लागली की जागच्या जागी पाय उचलायचे, हे त्याचं शिक्षण. तुम्ही माळावर तेच करता, लगाम आवळून टाच मारता, आणि तो इमानानं नाचतो. तुम्हाला वाटतं बिथरला. अशा घोड्याला चालायला सांगताना हात आधी पुढं सोडा, मग पाय लावा. काही आठवडे फक्त ढिल्या लगामावर कदम चाल. लांबून ढोल-ताशा किंवा डीजे ऐकू आला की त्याचं अंग आपोआप गोळा होईल. रागवू नका, उतरून उभे राहा.

तोंडात काय घातलंय तेही बघा. काटेरी लगाम अजून सर्रास विकला जातो. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांना तो वापरायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, आणि हौसेच्या घोड्याला तर तो घालायचं काही कारणच नाही. जिभेवर, जबड्यावर जुने व्रण असतील तर आधी ते भरू द्या. साधं, गुळगुळीत, मधे सांधा असलेलं कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, पुरतं.

रतीब आणि सोबत

अर्ध्या तासाच्या रपेटीला दोन-तीन किलो चंदी म्हणजे अंगात नुसती आग. हलकं काम करणाऱ्या घोड्याचं पोट मुख्यतः चाऱ्यावर चालतं. शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला सव्वापाच किलो, आणि त्याहून जास्त चांगलंच. तापीची चंदी मी थोडी थोडी करत निम्म्याहून कमी केली. एकदम बदल करू नका, पोटशूळ उठतो.

सोबतीला जाणता घोडा मिळाला तर पहिल्या काही फेऱ्या सोप्या जातात. पण दर वेळी त्याच्याच मागं चालवू नका. कधी पुढं, कधी शेजारी, कधी पन्नास पावलं लांब. नाहीतर मोरीची खोड जाते आणि सोबत्याची लागते.

परत सुरू झालं तर

होतंच. पावसाळ्यात रस्ता चिखलाचा, रपेट बंद. नवरात्रात पुन्हा बाहेर काढली की कान खांबापाशी रोखलेला. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरमागं डुलणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या. कालव्याला पाणी सुटलं की मोरीचा आवाज बदलतो. कुणी पाहुण्यानं हौसेनं फेरी मारली आणि लगामाला लोंबकळला, तरी चार दिवस परिणाम दिसतो. घोडी माजावर असेल तरीही. साधारण एकवीस दिवसांचं चक्र असतं, वहीत तारखा टाकल्या तर लगेच उमगतं.

अशा वेळी पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. दोन पायऱ्या मागं या. बसून बाभळीपर्यंत जात होता, तर दोन दिवस पायी मोरीपर्यंत. बहुतेक वेळा आठवड्यात गाडी रुळावर येते. नाही आली, किंवा शहाणा घोडा एका रात्रीत बदलला, तर पुन्हा पाठ, दात, खूर, पोट याच क्रमानं बघायचं. मागच्या श्रावणात तापी अशीच अचानक अडली. मी खांब, मोरी, पाणी सगळ्यांना दोष देऊन झाला, आणि नालबंदानं पुढच्या उजव्या खुरातून गव्हाएवढा खडा काढला.

परवाची वहीतली ओळ: 'बाभळीच्या पुढं, टेकडीच्या पायथ्यापर्यंत. मोरीवर थांबली, पण पाणी बघायला.'